कमरेला बसलेले तीन हिसके

वाचकांच्या गूढ अनुभवांच्या या सदरात मी आजवर फक्त भांडायला आलेय. जुने वाचक ओळखतील मला. कुणी शेताच्या बांधावर पांढरी साडी दिसल्याचं लिहिलं की खाली माझा प्रश्न ठरलेला - साडी सुती होती की सिंथेटिक, आणि तेवढ्या अंधारात रंग कसा कळला? त्यामुळं आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर काही जण हसतील. हसा. तुमच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

आधी माझी बाजू स्पष्ट करते. भूत, आत्मा, पितर, कौल यातलं काही मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते, आज हे लिहितानाही मानत नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. अगदी खरोखर... आमच्या घरी भाकरीच्या टोपलीत आणि कपड्यांच्या पेटीत तळाला पत्रकंच अंथरलेली असायची. ‘अंगात येणं म्हणजे काय?’, ‘लेकीला शाळेतून काढू नका’, ‘पाणी कुणाच्या मालकीचं?’ मला अक्षरओळख त्यांवरूनच झाली. माझे वडील - आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो - नळदुर्गच्या बाजारात गुलाबी, हिरवी पत्रकं वाटायचे. मी शेजारी उभी राहून ओरडायची, “वाचा हो, फुकट हाय!” आता मी स्वतः लिहिते. भोंदूंबद्दल लिहून शिव्या खाल्ल्यात, धमक्याही खाल्ल्यात. एक ओळ मागे घेतलेली नाही.

तर हे माझ्याच बाबतीत घडलंय. म्हणून जसं घडलं तसंच सांगते, वर एक चमचाही मसाला न टाकता.

त्यासाठी आधी विहिरीबद्दल सांगावं लागेल.

अण्णांचं काम विहिरीतलं. मोटरच्या पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल गाळात रुतला, मोटर दोर तुटून तळाला गेली, कुणाची घागर पडली, एकदा तर कुणा बाईचे पाटल्या-तोडे पडले, की अण्णांना बोलावणं यायचं. हायवेला रहीमचाचांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. निरोप तिथं यायचा आणि चाचा लुनावर टाकून अण्णांना घेऊन जायचे. अण्णांचा दम लई मोठा. पाण्यात गेले की वर काठावरची माणसं गप्प व्हायची, मग कुजबुजायची, मग घाबरायची... आणि तेवढ्यात अण्णा हसत वर यायचे.

गंमत बघा. ज्या विहिरींच्या काठावर माझ्या आज्याला पाय ठेवू देत नव्हते, लांबून ओंजळीत पाणी ओतायचे, त्याच विहिरींच्या तळाशी अण्णा जायचे आणि सगळं गाव वाकून बघायचं. एका मोठ्या घरच्या म्हाताऱ्यानं काम झाल्यावर विहिरीत शिंपडायला तांब्यातून गोमूत्र आणलं. अण्णा ओलेच उभे होते. परत उडी मारली, आत्ताच बसवलेला फूटव्हॉल खोलून वर आणला आणि म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवला. “शिंपडा आता,” म्हणाले. “आन् जो शिंपडंल त्यालाच खाली पाठवा.” ऐन हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. त्या घरचे दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आले. अण्णांनी त्यांना चहा पाजला, हातात एक पत्रक दिलं, आणि मग कामाला गेले.

मी लहानपणापासून त्यांच्याबरोबर जायची, कारण माझ्याकडं एक काम होतं. अण्णांच्या कमरेला दोन दोर असायचे. जाड दोर कप्पीवरून काठावरच्या गड्यांच्या हातात. बारीक दोर - म्हशीचा जुना कासरा - माझ्या कमरेला. जाड दोर ओढायला, बारीक दोर बोलायला. अण्णा म्हणायचे, “गडी तंबाखू मळत बसत्यात. पोरीचं ध्यान जाग्यावर असतं.” पाण्याखालून एक हिसका आला तर बरं हाय. दोन आले तर दोर सैल सोडा. तीन आले तर वर ओढा, आत्ताच. “तीन आले की इचारायचं न्हाय, वाकून बघायचं न्हाय. वरडायचं. बास.”

तो हिसका कसा असतो ते नीट सांगते. उजव्या कुशीत, हाडाच्या जरा वर. आधी दोर एकदम सैल पडतो, कमरेवरचा ताण जातो, आणि मग हिसका. सैल, हिसका. सैल, हिसका. अंग पुढं जातं आणि टाचा आपोआप दगडाला रुततात. तीन हिसके अण्णांनी मला एकदाच दिले होते. जुन्या मोटरच्या तारेत त्यांचा पाय अडकला होता. मी जी ओरडले ती गड्यांच्या हातातली तंबाखू सांडली. अण्णा वर आले, पायाचं कातडं सोललेलं, पँट फाटलेली. दम लागलेला असतानाच म्हणाले, “आवाज बरा हाय की तुझा. सभेत चालंल.”

अजूनही पावसाळा संपल्यावर कुठल्या विहिरीजवळून गेले की तो ओल्या कासऱ्याचा वास येतो. म्हशीचा, शेवाळाचा, जरासा गंजाचा... मला तो अत्तरासारखा वाटतो. असो.

माझा भाऊ मिलिंद माझ्यापेक्षा बराच लहान. माय त्याला विहिरीजवळ फिरकू द्यायची नाही. तो मोठा होईपर्यंत गावोगाव बोअर झाले, पाण्यात बुडवायच्या मोटरी आल्या, आणि अण्णांचं काम बसलं. मिलिंद त्या दोरावर कधी आलाच नाही. हे ध्यानात ठेवा.

अण्णा गेले ते पाण्यात नाही, सोलापूरच्या दवाखान्यात पलंगावर. आजारात त्यांना एकच नाद लागला होता. मोबाईलवर समुद्राखालचे व्हिडिओ बघायचे आणि मला विचारायचे, “समुद्राला खाली काय आसंल गं? गाळ आसंल का रेती?” त्यांनी समुद्र कधी बघितला नव्हता. ते गेल्यावर मिलिंद आणि मी ठरवलं की एकदा जाऊन बघायचं. मिलिंद बोरी नदीत आणि धरणात पोहून तयार झालेला. मी तर विहिरीतलीच. मालवणजवळ एका माणसाकडं स्कूबाचा आठवड्याचा कोर्स केला. त्याला सगळे बाबलदादा म्हणायचे. उन्हानं रापलेला, तोंडाचा फटकळ.

तो आठवडा आमच्या दोघांच्या आयुष्यातला सगळ्यात हलका आठवडा होता. सकाळी बोट, दुपारी सोलकढी आणि बांगडा, संध्याकाळी बाबलदादाचा क्लास. मिलिंदचं पोलीस भरतीचं चालू होतं. पावसामुळं ग्राऊंड, म्हणजे मैदानी चाचणी, पुढं गेलं होतं आणि वयात बसणारी त्याची बहुतेक ही शेवटचीच भरती. म्हणून तो तिथंही रोज पळायचा. कोर्स संपायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या मोबाईलवर नवीन हॉलतिकीट आलं. ग्राऊंड परवा पहाटे, धाराशिवला.

“आता?” मी विचारलं.

“आता काय? उद्या सकाळी शेवटची डाइव्ह, दुपारी एसटी, रातच्याला घर, पहाटं ग्राऊंड. हाय काय आन् न्हाय काय.”

आमची खोली खरं तर आणखी एका रात्रीसाठी घेतलेली होती. बाबलदादा धरून चालला होता की आम्ही राहणार. आम्ही त्याला बोललो नाही. मुद्दाम नाही, राहूनच गेलं.

शेवटची डाइव्ह सगळ्यात खोल होती. मी तळाशी गुडघ्यावर टेकले आणि हात खाली घातला. रेती. बारीक, पांढुरकी, बोटांतून धुरासारखी उडणारी. विहिरीत खाली जावं तसा अंधार वाढतो. इथं तळालाही उजेड होता, हिरवा, डुलणारा. कानात फक्त स्वतःचा श्वास... मास्कच्या आत मी रडत होते आणि मास्कमध्ये रडलं की नाक पुसता येत नाही, हे कोर्समध्ये कुणी शिकवलेलं नव्हतं. मिलिंद समोर तरंगत होता. त्यानं मूठभर रेती उचलून माझ्या हातावर सोडली. तो काय म्हणतोय ते मला कळलं. रेती हाय, अण्णा. गाळ न्हाय.

वर आल्यावर थोडी विश्रांती, मग आणखी एक छोटी डाइव्ह, आणि मग मी बॅगा भरेपर्यंत मिलिंदनं ओल्या वाळूवर सोळाशे मीटर मारले, तेही पूर्ण जोरात. घामानं निथळत आला. आम्ही जेवलो आणि कोल्हापूरची गाडी पकडली.

गाडीला गर्दी. मला पुढं, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जागा मिळाली. मिलिंद बॅगा घेऊन अगदी शेवटच्या बाकावर. मधे माणसं उभी. मालवणपासून मला त्याचं डोकंसुद्धा दिसलेलं नव्हतं. त्यावेळी तो ठणठणीत होता, हेही सांगून ठेवते. चढताना त्यानं दोन्ही बॅगा एका हातात उचलल्या होत्या.

कणकवली मागं पडली. माझ्या शेजारी एक आजी, मांडीवर फणसाच्या पापडांची पिशवी. मी बाहेर बघत होते. भाताची खाचरं, कौलं, एक पोरगी सायकल ढकलत... डोक्यात काहीही नव्हतं. पेंगत नव्हते. आजी नुकतीच तिच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती आणि मी हं हं करत होते.

आणि कमरेला हिसका बसला.

उजव्या कुशीत. सैल, हिसका. सैल, हिसका. सैल, हिसका.

मी बाकावर एवढी सरकले की आजीची पिशवी घसरली. “काय गो? काय चावला?”

“काही नाही, आजी.”

मी ओढणी बघितली, कुठं अडकलेली नव्हती. पर्स मांडीवर. बाकाला पट्टा नाही, खिळा नाही. मी स्वतःला म्हटलं - आठवडाभर डाइव्हसाठी कमरेला वजनाचा शिशाचा पट्टा बांधलाय, स्नायू उडाला असेल. हे कारण मला पटलं. तुम्ही कुणी हे लिहिलं असतं तर मी तुम्हालाही हेच सांगितलं असतं.

फोंड्याचा स्टँड आला. तिथून पुढं घाट सुरू होतो. कंडक्टर ओरडला, “धा मिंटं थांबणार! घाटात ज्यांना उलटी हुतीय त्यांनी गोळी आत्ताच घ्या, मागनं माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई!” लोक उतरायला लागले. मी उठून उभी राहिले, आणि पुन्हा. तीन. यावेळी दिशाही कळली. मागून, गाडीच्या शेपटाकडून. मी अक्षरशः मागं खेचले गेले आणि दांडीला धरलं.

मी उतरणाऱ्यांना ढकलत मागं गेले. मिलिंद खिडकीशी बसून फुटाणे खात होता. उजवा हात डाव्या खांद्यावर.

“काय होतंय तुला?”

“काय न्हाय. खांदा धरलाय. त्या टाकीच्या वजनानं.”

“कधीपासून?”

“मगाधरनं. आन् बोटाला मुंग्या यायल्यात जरा. वाकडा बसलो व्हतो.” त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. “तुला काय झालं? भूत बघितल्यावानी का करायलीस?”

“उतर खाली. या गाडीनं जायचं नाही.”

“का?”

का... आयुष्यभर जे वाक्य दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून मी चिडलेय, ते मला म्हणायचं होतं. शेवटी म्हणाले, “मला हिसका बसला. दोराचा. तीन वेळा.”

तो हसला. तोंडात फुटाणे तसेच. “कोण बोलायलंय हे? तायडे, त्या खालच्या आळीतल्या बाईला बापाचा आवाज येतो म्हणून तिच्या दारात जाऊन लेक्चर दिलंस तू. म्हणालीस, समदं डोक्यातलं हाय. आता तुझ्या डोक्यात दोर निघाला व्हय?”

“निघाला. उतर.”

“उद्या ग्राऊंड हाय माझं!” आता तो हसत नव्हता. “ही गाडी सोडली तर पुढची कधी, सोलापूरला कधी पोचणार, म्हाईत हाय का तुला? वय चाललंय माझं. चार वर्सं पळायलोय मी. कशासाठी उतरू? तुझ्या कमरंसाठी?”

आजूबाजूचे लोक बघायला लागले. कंडक्टर मागच्या दारातून डोकावला. “ओ ताई, तिकीट कोल्हापूरचं काढलंय. चढायचं का उतरायचं ते एक काय ते ठरवा. भांडान गाडी सुटल्यावर करा, लोकांचा येळ तरी मजेत जाईल.”

दोन-चार जण हसले. मी उभी होते. मला स्पष्ट दिसत होतं की हे खोटं निघालं तर एका भासापायी मी माझ्या भावाची चार वर्षं मातीत घालणार. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं. माझ्याकडं एकही कारण नव्हतं. एकही नाही. आणि तरी मी ओरडले. जसं लहानपणी काठावर ओरडले होते तसं, पोटातून.

“उतर!”

मला वाटतं तो भीतीनं नाही, लाजेनं उतरला. दोन्ही बॅगा फेकल्यासारख्या खाली टाकल्या. गाडी गेली. तो बाकड्यावर बसला, माझ्याकडं पाठ करून. थोड्या वेळानं उठला, दुसरी गाडी बघायला चौकशीच्या खिडकीकडं निघाला, आणि दोन पावलांवर त्याचा डावा पाय दुमडला. पडला नाही. खांबाला धरून उभा राहिला आणि पायाकडं असा बघायला लागला, जसा तो पाय दुसऱ्या कुणाचा आहे.

“तायडे,” तो म्हणाला. एवढंच.

मी बाबलदादाला फोन लावला आणि खांदा, मुंग्या, पाय, सगळं सांगितलं.

“खंय आसास तुम्ही?”

“फोंड्याला.”

“फोंड्याक? घाटाच्या खाली की वर?”

“खाली. स्टँडवर.”

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. “थंयच रवा. वर चढा नकात. ऐकलास? एक वीत पण वर चढा नकात. तेका आडवो घाल, पाणी दी, सरकारी दवाखान्यात ने नि ऑक्सिजन लाव म्हणान सांग. डाइव्हनंतर तो काय धावलो-बिवलो नाय मा?”

“रनिंग केलं. सोळाशे मीटर.”

त्यानंतर तो मालवणीत जे बोलला ते संपादक छापणार नाहीत.

त्यानं नंतर समजावून सांगितलं. खोल पाण्यात श्वास घेतला की हवा रक्तात मुरते आणि ती हळूहळू बाहेर पडावी लागते. लगेच उंचावर गेलं, जोराचा व्यायाम केला, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे होऊ शकतात. हे आम्हाला शिकवलेलं होतं. ‘डाइव्हनंतर विमानात बसू नये’ - मिलिंदनं परीक्षेत अगदी बरोबर लिहिलं होतं. पण आम्ही कुठं विमानानं चाललो होतो? आम्ही एसटीनं घरी चाललो होतो. घाट म्हणजे चढ, हे खरं. पण आमचा अख्खा मराठवाडाच समुद्रापेक्षा उंचावर आहे, हे आम्हाला कधी सुचलंच नाही. आमच्या लेखी आमचं गाव जमिनीवर होतं. बास, जमिनीवर. उंच असतात ते दुसऱ्यांचे डोंगर.

जवळच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला. तिथल्या डॉक्टरांनी गोव्याला फोन केला आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं अँब्युलन्समधून त्याला तिकडं नेलं. तिथं त्याला एका मोठ्या लोखंडी टाकीसारख्या खोलीत ठेवलं, जिथं हवेचा दाब वाढवून ते बुडबुडे पुन्हा विरघळवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पलंगावर खिडकीकडं तोंड करून पडला होता. बाहेर उजाडत होतं.

“चेस्ट नंबर वाटायले आसतील आता,” तो म्हणाला. माझ्याकडं न बघता.

मी तिथल्या डॉक्टरला सरळ विचारलं की घाट चढलो असतो तर काय झालं असतं. तो भला माणूस होता, बाता मारणारा नव्हता. म्हणाला, “सांगता येत नाही. कदाचित एवढंच झालं असतं. कदाचित पाय कायमचा गेला असता. घाटात मधेच त्रास वाढला असता तर ऑक्सिजन मिळायलाही वेळ लागला असता. मी माझ्या भावाला चढू दिलं नसतं.”

काही दिवसांनी परवानगी मिळाली आणि आम्ही घरी निघालो. त्याच घाटानं. मिलिंद खिडकीशी, मी शेजारी. कोल्हापूर, मग सोलापूर, मग हळूहळू आपली काळी माती, तुरीची पिवळी फुलं, ढाब्यांसमोर उभे हैदराबादचे ट्रक, खाटांवर पाय पसरून बसलेले ड्रायव्हर... नळदुर्गच्या अलीकडं किल्ल्याचा बुरूज दिसला तेव्हा मला एकदम आठवलं - अण्णा मला किल्ल्यात न्यायचे, बोरीच्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळत असायचं, आणि ते ओरडून म्हणायचे, “ह्याच्या खालीबी एकदा जायचंय मला!” मी हे मिलिंदला सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला, पण ऐकत होता.

माय फाट्यावर उभी होती. हिसक्याचं तिला फोनवरच कळलं होतं. तिनं मिलिंदच्या पायावरून हात फिरवला, पोटरी दाबून बघितली आणि रडत म्हणाली, “तुझ्या अण्णानंच वढलं माझ्या लेकराला मागं.”

दोन दिवसांत गावभर झालं. शेजारची एक बाई नारळ घेऊन आली, म्हणाली, अण्णा वावरायलेत, जुन्या विहिरीवर फोडा. मी तो नारळ तिच्या हातात परत दिला. मग भडकले. सगळ्यांसमोर म्हणाले, “अण्णांना भूत करू नका! त्या माणसानं उन्हातान्हात उभं राहून पत्रकं वाटली, ती याच्यासाठी? मेल्यावर त्यालाच विहिरीत बसवताय?” बाई गेल्यावर माय म्हणाली, “म्या भूत म्हणले का गं? म्या निस्तं त्याचं नाव घेतलं.”

आणि ती चहा टाकायला आत गेली.

पण मी सोडलं नाही. मी स्वतःशीच भांडले, जशी तुमच्याशी भांडते. शिशाच्या पट्ट्यानं स्नायू उडाला? उडतो. पण सैल पडून तीनदा, आणि पुन्हा तसाच तीनदा? बाबलदादाचा धडा मनात कुठंतरी होता आणि मनानं धोका ओळखला? असेल. पण मग मनानं मालवणलाच का नाही अडवलं? मिलिंदचा खांदा दुखायला लागला तो कणकवलीच्या आसपास, तेव्हा तो मला दिसतही नव्हता.

आणि एक गोष्ट तर अजिबात बसत नाही. सगळे म्हणतात अण्णांनी ओढलं. पण अण्णांच्या दोरात वरचा माणूस हिसका देतच नसे. हिसका खालून यायचा. जो अडकलाय त्याच्याकडून. म्हणजे त्या हिशोबानं तो मिलिंदनं दिला... आणि मिलिंदला खुणा माहीत नाहीत. मी त्याला काही न सुचवता विचारलं, दोराच्या खुणा सांग. तो म्हणाला, “एक म्हंजे ओढा, आसंल. मला काय म्हाईत?” रहीमचाचांना विचारलं. त्यांनी मान हलवली. “बेटी, वो तुम बाप-बेटी का हिसाब था. मैं बाजू में खडा रहता था तो बी मेरे कू कब्बी समझा नै.”

मिलिंद माझ्याशी बरेच दिवस तुटकच वागला. पाय बरा झाला. पळायला लागला, आधी हळू. पुढची भरती कधी निघेल आणि तेव्हा तो वयात बसेल का, कुणाला माहीत नाही. परवा संध्याकाळी तो पळून आला आणि ओट्यावर बूट सोडत बसला. मी आत भाजी निवडत होते.

“तायडे, एक खरं सांग. तुला माझी काळजी वाटली, भ्या वाटलं, आन् मग तू हिसक्याची गोष्ट जुळवलीस? का आधी हिसका?”

“आधी हिसका.”

“कशावरून?”

मी हातातली भाजी खाली ठेवली. “कशावरूनच नाही. फक्त मला माहीत आहे.”

“म्हंजे माझं ग्राऊंड गेलं ते कशावरूनच न्हाय.”

“हो.”

तो मोजे झटकत राहिला. मग म्हणाला, “तू म्हणालीस आसतीस की अण्णा होते, तर मी मानलं आसतं. बरं वाटलं आसतं मला. मायला वाटतं तसं.”

“ते मी म्हणू शकत नाही रे.”

“म्हाईत हाय. म्हणूनच इचारायलो.” तो उठला. “मग लिही की. तुझ्या त्या सदरात, जिथं लोकांशी भांडतीस. जसं झालं तसं लिही. एवढी माणसं वाचत्यात, कुणाला तरी म्हाईत आसंल काय होतं ते.”

म्हणून लिहिलंय. स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. तेव्हा नव्हतं, अजून नाही. शिशाचा पट्टा म्हणा, स्नायू म्हणा, मन म्हणा. जे म्हणाल ते पुराव्यानं म्हणा, मी ऐकून घेईन आणि यावेळी उलटून बोलणार नाही. फक्त अण्णांचं नाव घेऊन सोपं करू नका.

मला उत्तर नाही मिळालं तरी चालेल. मिलिंदला द्यायचंय.